पोरीच्या नावात भांग

निशी-कासाई, तोक्यो

प्रिय अभ्या,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, जरा कावीळ होती ती उतरली. एवढं तुला अण्णांकडून कळलंच असेल. त्यांनी तुला सांगितलं नसणार ते हे, की पोरीला अजून नाव नाही आणि त्यावरून अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. इथं जन्माचा अर्ज चौदा दिवसांच्या आत द्यावा लागतो. तो टेबलावर पडलाय, नावाचा रकाना कोरा. सातव्या रात्री नाव ब्रशनं लिहून भिंतीवर लावायची पद्धत आहे. सासूबाईंनी भारी कागद आणला होता, तोही कोराच राहिला. तुला लिहायचं कारण सरळ आहे : इथली अर्थ असलेल्या चिनी अक्षरांची कांजी लिपी येते आणि कचरू आजोबांना पाहिलंय, असा माणूस मला एकच माहीत आहे.

आधी ठरलं होतं की दोन्हीकडे चालेल असं नाव ठेवायचं. ऐकायला किती सोपं! मी म्हटलं उमा. सासूबाईंनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. उमा म्हणजे घोडा, हे क्लासमध्ये पहिल्याच महिन्यात शिकलो होतो, पण डोक्यात आलं नाही. त्यात हे वर्ष हिनोए-उमा, अग्नी-घोड्याचं. साठ वर्षांनी येतं. या वर्षातल्या मुली तापट निघतात, नवऱ्याला खातात म्हणे. आपल्याकडच्या मंगळाची चुलत बहीण समज. १९६६ साली या भीतीनं जपानातले जन्म एका वर्षात चतुर्थांशानं घटले होते. आणि त्या १९६६ ची पैदास म्हणजे खुद्द आमच्या सासूबाई! मी जेवणाच्या टेबलावर त्यांच्या नातीला घोडी म्हणून बसलो.

मग नाओको म्हणाली सारा. साल वृक्षाचं नाव, संस्कृतातूनच इथं आलेलं, तुला आवडायला हवं. फोनवर अण्णा म्हणाले, शेतसारा का पाणीपट्टी? मग मारी. मोगऱ्याची दोन अक्षरं, तीही मूळची आपल्या मल्लिकेचीच. पण जपानी उच्चारात 'मा' आखूड होतो, आणि अण्णांना ऐकू आलं मरी. झालं. 'सत्तर वर्षांपूर्वी मरीआई गावाबाहेर सोडून आलो, तू नातीच्या रूपानं घरात आणतोस?' तुला त्यांचा आवाज माहीत आहे. बाहुलीसारखी शांत झोपलेली पोर त्या आवाजानं दचकली, आणि फोन स्पीकरवर नव्हता.

शेवटी माया. अण्णा खूश. महामाया, सिद्धार्थाची आई, आणखी काय पाहिजे? इकडेही माया हे नाव चालतं, कानाला परकं वाटत नाही. मला वाटलं सुटलो. पण अभ्या, इथं नाव म्हणजे नुसता आवाज नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. खरी मारामारी आवाज ठरल्यावर सुरू झाली.

सरकारच्या यादीत नेहमीची २१३६ आणि खास नावांसाठीची ८६३ अक्षरं आहेत, त्यातूनच निवडायची. (ही ८६३ ची यादी २००४ मध्ये वाढवली, तेव्हा छापील मजकुरात किती वेळा येतात ते बघून अक्षरं उचलली होती. मसुद्यात 'विष्ठा', 'प्रेत', 'शाप' आणि 'कर्करोग' ही अक्षरंही आली. लोक खवळले, मग काढली. कमिटीत तूच होतास का रे?) आणि त्या अक्षराचा उच्चार आईबाप सांगतील तो, असं इतकी वर्षं चालायचं. २०२५ च्या २६ मेपासून उच्चारही कुटुंबाच्या नोंदवहीत लिहितात, आणि तो लोकांना पटेल असा लागतो. 'उंच' लिहून 'बुटका' वाचा म्हणायची सोय गेली.

माया लिहायच्या तऱ्हा डझनभर. मला पाहिजे होती बुद्धाच्या आईचीच. कोबेच्या मागं माया नावाचा डोंगर आहे, त्यावरच्या देवळात मायादेवी आहे, तीच दोन अक्षरं. अर्थ विचारशील तर पहिलं 'घासणं', दुसरं नुसता प्रश्नार्थक शेपूट. सूत्रांचं भाषांतर करणाऱ्या चिन्यांनी आवाजापुरती उचललेली. मला तेच आवडलं होतं. सासूबाई म्हणाल्या, मायादेवी बाळंतपणानंतर सात दिवसांत गेली. हे त्यांनी नाओको बाळाला पाजत असताना सांगितलं. त्यावर मी काय बोलणार, सांग. विषय तिथंच बंद. अण्णांना मात्र हे अजून सांगितलेलं नाही.

नाओकोची निवड ऐक. पहिलं अक्षर 'आसा', दुसरं 'अधिकाधिक', मैत्रेयाच्या, म्हणजे पुढं येणाऱ्या बुद्धाच्या, जपानी नावातलं. आसाचं रोप सरळसोट आणि भराभर वाढतं, म्हणून तान्ह्या बाळाच्या कपड्यांवर त्याच्या पानांची नक्षी असते. आमच्या पोरीचं पहिलं झबलंही त्याच नक्षीचं. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण आसा म्हणजे भांग! हेच अक्षर अमली पदार्थात, हेच भूल देण्याच्या औषधात, हेच माजानच्या, म्हणजे माहजोंगच्या सोंगट्यांच्या डावात. जन्मभर फोनवर स्वतःचं नाव सांगताना पोर म्हणणार, 'भांगेतला मा'. तिकडे सासूबाई प्रत्येक जोडीच्या रेघा मोजतायत, आडनावासकट, मोबाइलवर. कुठली बेरीज शुभ, कुठली अशुभ. आजोबांनी ५६ साली पत्रिका सोडली आणि मी इथं रेघा मोजत बसलोय. यावर हसलास तरी चालेल.

आता मूळ गोष्ट. नाओकोच्या आजीचं नाव कात्सुको. जन्म १९४२. कात्सु म्हणजे विजय. लढाईच्या त्या वर्षांत हे अक्षर किती पोरांच्या कपाळी चिकटवलं असेल. ४५ साली काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. शाळेत पोरं तिला माकेको म्हणायची. तुला अर्थ सांगत नाही, कोश तुझ्याकडेच आहे. (माझा कोश. २००९ पासून. परीक्षेला तू आलाच नाहीस आणि कोश मात्र ठेवून घेतलास, हे मी विसरलेलो नाही.) आजी आता स्वतःचं नाव साध्या हिरागानात, म्हणजे नुसत्या उच्चारांच्या लिपीत लिहिते. तिच्या दोन आत्यांची नावं तोमे आणि सुए. 'थांब' आणि 'शेवट'. मुली पुरे, आता मुलगा येऊ दे.

ती हे चहा ओतता ओतता सांगत होती आणि मला कचरू आजोबा दिसत होते, तुमच्या ओट्यावर बसलेले. त्या रात्री मी नाओकोला म्हटलं, कांजी नकोच. हिरागानात लिहू. अर्थच नको. पोरगी मोठी होऊन काय तो स्वतः भरेल. कायद्यानं चालतं, कितीतरी मुलींची नावं तशी असतात. नाओको बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, 'म्हणजे तुला तिला काही द्यायचंच नाही.' अण्णांना सांगितलं तर ते वेगळेच पेटले. 'तुझ्या आजाला कचरू कुणी का म्हटलं ते तुला ठाऊक आहे. त्याच्या पोराचं नाव गौतम ठेवायला त्याला काय करावं लागलं, तेही ठाऊक आहे. तुझं मिलिंद मी कॉलेजच्या पायरीवर बसून ठरवलं. आणि तुला अर्थ नको?' फोन ठेवला. तेव्हापासून आईच बोलते.

आणि आमचं मिलिंद इथं काय झालंय? मिरिंदो. कॅन्टीनमध्ये ते ऐकून नवी पोरं फ्रिजकडे बघतात.

तरी मी हट्ट धरून होतो. परवा आजी आली. ती चाळीस वर्षं मुलांना सुलेखन शिकवायची. काही न बोलता सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर 'सुए'चं अक्षर काढलं, 'शेवट'. मग तेच पुन्हा जरा भरभर, मग आणखी भरभर, रेघा एकमेकींत विरघळल्या आणि उरला हिरागानातला 'मा'. तो तिथूनच आलाय! 'या' आला वाक्याच्या शेवटी 'आहे' म्हणून ठोकायच्या जुन्या अक्षरातून. जोडून वाच. अर्थ नको म्हणून मी पोरीच्या कपाळी जे लिहायला निघालो होतो ते निघालं 'शेवट आहे'. आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. नाओको हसली नाही.

तेव्हा भांगेशी आलोय. पूर्ण पटलंय असं नाही. दर वेळी ते झबलं बघितलं की पटतं, आणि अण्णांचा चेहरा आठवला की पुन्हा नाही. पण बुद्धाची आई ऐकू येणार आणि नाओकोची नक्षी लिहिली जाणार, याहून बरा सौदा मला सुचत नाही. तुला सुचला तर लगेच कळव.

तुझं काय? काकांचा मोतीबिंदू काढला का? बढतीचं नक्की झालं असं आई म्हणत होती, अभिनंदन. कोर्टाची पुढची तारीख कधी आहे ते लिही, त्यावर सविस्तर बोलू, या पत्रात नको.

एक काम कर. शनिवारी साताऱ्याला जातोसच, तेव्हा घरी जा. अण्णांना कागदावर दोन्ही अक्षरं काढून दाखव, तुझा हात माझ्यापेक्षा बरा आहे. दुसरं मैत्रेयातलं, हे आधी सांग, म्हणजे ते बसून घेतील. पहिल्याला ताग म्हण, अंबाडी म्हण, काहीही म्हण, भांग म्हणू नकोस. मायादेवीच्या सात दिवसांबद्दल अवाक्षर काढू नकोस, आईसमोर तर मुळीच नाही. सोमवारी सकाळी मी अर्ज देणार आहे, तेव्हा रविवारी रात्रीपर्यंत ते काय म्हणाले ते कळव. शिव्या दिल्या असतील तर त्याही जशाच्या तशा.

तुझा,
मिल्या

ता.क. अक्षरं काढताना कोश लागेल. काम झालं की तो अण्णांकडेच ठेव.