गामाचा दगड आणि गामाची कुस्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या काळच्या पैलवानांवर आलेला लेख आवडीने वाचला. लेखकाची तळमळ खरी आहे, आणि आजच्या मुलांना गामा, दारासिंग ही नावे फार तर ऐकून ठाऊक असतात, हे त्यांचे म्हणणेही मान्य आहे. परंतु गामाने 1200 किलोचा दगड छातीपर्यंत उचलला, तो रोज 5000 बैठका आणि 3000 जोर मारीत असे आणि 5000 कुस्त्यांत तो एकदाही हरला नाही, ही तीन विधाने लेखासोबतच्या चौकटीत सिद्ध इतिहास म्हणून छापली गेली आहेत. त्यांविषयी लिहिणे एका बडोदेकराला भाग आहे, कारण तो दगड आमच्या गावात आहे.

कमाटीबागेतल्या संग्रहालयात तो ठेवलेला असून 23 डिसेंबर 1902 रोजी गामाने तो उचलल्याची नोंद त्यावर आहे. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी तो प्रथम पाहिला आणि नोंदीतला शब्द न् शब्द खरा मानला. दगडाच्या वजनाबद्दल आजही माझी तक्रार नाही. अडीच फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच ठोकळा धरला आणि दगड पाण्याच्या सुमारे पावणेतीन पट जड मानला, तर हिशेब बाराशे किलोच्या आसपासच येतो. अडचण आहे ती उचलण्याची. 2016 साली इंग्लंडच्या एडी हॉलने लोखंडी दांडीला लावलेले 500 किलो वजन जमिनीवरून फक्त मांड्यांपर्यंत उचलले, तेव्हा त्याच्या नाकातून रक्त वाहू लागले. आणि हा गडी स्वतः पावणेदोनशे किलोंहून अधिक वजनाचा होता. पाच फूट सात-आठ इंच उंचीच्या, वजनाने एडी हॉलच्या जेमतेम निम्म्या भरणाऱ्या तरुणाने, पकडायला दांडी नाही की कडी नाही, असा बाराशे किलोंचा दगड छातीशी लावणे मानवी हाडामांसाला शक्य नाही. त्याची नुसती एक कड जमिनीपासून सोडवायची म्हटली, तरी निम्मे म्हणजे 600 किलो वजन हातांवर येते.

मात्र तिन्ही विधाने एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. बैठकांचा आकडा मला तितकासा अचाट वाटत नाही. मिनिटाला तीस बैठका धरल्या, तर पाच हजारांना पावणेतीन तास लागतात, आणि ज्याचा सगळा खुराक दरबारातून येतो व ज्याला पहाटेपासून मेहनतीवाचून दुसरे काम नाही, त्या मल्लाला हे अशक्य म्हणता येणार नाही. कुस्त्यांच्या आकड्याचे मात्र तसे नाही. पन्नास वर्षे दर वर्षी शंभर निकाली कुस्त्या केल्या, तर पाच हजार भरतात. आणि गामाशी हात मिळवायला पुढे कोणी तयारच होईना, असेही हीच दंतकथा सांगते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? शिवाय त्या काळच्या नामांकित मल्ल रहीमबक्ष सुलतानीवाल्याशी झालेल्या त्याच्या सुरुवातीच्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या होत्या, हे ‘अजिंक्य’ या एका शब्दाखाली झाकले जाते.

मला खरे दुःख आहे ते वेगळेच. या चौकटीपायी 10 सप्टेंबर 1910 ही तारीख लेखातून निसटली. त्या दिवशी लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातील स्टेडियममध्ये गामाची पोलंडच्या स्टानिस्लॉस झिबिस्कोशी कुस्ती झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या डॉ. रोलरला त्याने चितपट केलेले होते. झिबिस्को त्याच्याहून पुष्कळ जड होता. गामाने त्याला सुरुवातीलाच खाली घेतले, आणि मग हा जगप्रसिद्ध मल्ल गादीवर पालथा पडून राहिला. पाठ टेकली तरच हार, असा नियम असल्यामुळे पोट जमिनीला चिकटवून राहणाऱ्याला उलटवणे किती जड जाते, हे ज्याने तालमीत एकदा तरी खाली बसलेल्या जोडीदाराला उलटवण्यासाठी घिस्सा हा डाव मारून पाहिला आहे, त्याला सांगायला नको. ही ओढाताण अडीच तासांहून अधिक चालली. पाहणाऱ्यांना ती रटाळ वाटली आणि निकाल बरोबरीचा लागला. 17 सप्टेंबरला पुन्हा लढायचे ठरले, त्या दिवशी झिबिस्को फिरकलाच नाही, म्हणून विजेत्याचा जॉन बुल पट्टा गामाला मिळाला.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना झिबिस्कोला मिनिटभरात लोळवला, असे सांगतात. ते खरे आहे, पण ते 1928 मधल्या पतियाळातले, आणि तेव्हा दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. लंडनची कुस्ती निकाली झाली नाही म्हणून आपण ती जणू लपवतो. माझ्या मते गामाच्या दमाचा सर्वांत भक्कम पुरावा तीच आहे. परक्या देशात, परक्या नियमांनी, मातीऐवजी गादीवर, आपल्याहून जड माणसाच्या पाठीवर त्याने अडीच तास काढले आणि त्या सगळ्या वेळात चढाई त्याचीच होती. समोरच्या झिबिस्कोलाही ‘पळपुटा’ ठरवून मोकळे होण्यात अर्थ नाही; अडीच तास गामाचे ओझे आणि हिसके सोसून पाठ न टेकणे ही कोणत्याही तालमीत मोठीच गोष्ट मानली जाईल.

याच झिबिस्कोची आणखी एक हकिकत आहे. 1920 च्या दशकात अमेरिकेतील धंदेवाईक कुस्ती बव्हंशी आधी ठरवून होत असे. आपण तिला नुरा कुस्ती म्हणतो. एड ‘स्ट्रँगलर’ लुईस या अव्वल मल्लाने आणि त्याच्या सोबत्यांनी जानेवारी 1925 मध्ये वेन मन नावाच्या धिप्पाड फुटबॉलपटूला विजेता ‘केले’. 15 एप्रिल रोजी फिलाडेल्फियात झिबिस्कोने या मनकडून हरायचे, असे ठरले होते. पंचेचाळिशीच्या घरातल्या झिबिस्कोने ऐन वेळी ठरलेले मोडले आणि मनला पुन्हा पुन्हा इतके उघडउघड चीत केले की, पंचाला निकाल देण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. अर्थात हा केवळ बाणेदारपणा नव्हता. झिबिस्को आधीच लुईसचा प्रतिस्पर्धी मल्ल जो स्टेकर याच्या गोटाला जाऊन मिळाला होता आणि महिना-दीड महिन्यात त्याने तो किताब स्टेकरच्या हाती दिलाही. म्हणजे खरी कुस्तीसुद्धा एका व्यवहाराचाच भाग होती. तरीही त्या रात्री मनला कुस्ती येत नव्हती आणि झिबिस्कोला येत होती, हे सत्य कोणत्याही करारामुळे बदलले नसते. ठरवलेल्या कुस्तीच्या धंद्यातही जुने जाणते मल्ल का लागत, ते यातून कळते: समोरचा कधी उलटेल याचा नेम नसे.

दारासिंगविषयीही लेखात हेच घडले आहे. 29 मे 1968 रोजी मुंबईत त्याने ‘जगज्जेत्या’ लू थेझला हरवले, असे लेखात म्हटले आहे. थेझ तेव्हा 52 वर्षांचा होता आणि अमेरिकेतील एनडब्ल्यूए या संस्थेचा किताब त्याने जानेवारी 1966 मध्येच जीन किनिस्कीकडे गमावलेला होता. पुढे आत्मचरित्रात थेझने दारासिंगच्या कसलेल्या शरीराची आणि अस्सल कुस्तीची तारीफ केली असून त्याच्याकडून हार घेण्यात आपल्याला कमीपणा वाटला नाही, अशा अर्थाचे लिहिले आहे. हा शेरा वाचून निकाल कसा लागला असेल, हे जाणत्याने ओळखावे. पण ज्याने आयुष्य खऱ्याखुऱ्या डावपेचांत घालवले, त्या थेझने दारासिंगला अस्सल मल्ल म्हणावे, हे प्रमाणपत्र मला त्या निकालाहून मोठे वाटते. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये किंगकाँग नावाचा मल्ल आणि दारासिंग यांना पाहून आलेले माझे थोरले मामा त्या कुस्त्या शंभर टक्के खऱ्या होत्या, असे शेवटपर्यंत शपथेवर सांगत. त्यांच्याशी वाद घालण्याची माझी कधी छाती झाली नाही.

आणि ज्यांना या सगळ्यात फक्त नाटक दिसते, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. वर उल्लेखिलेल्या एड लुईसला मळक्या गाद्यांवरून खुपरीचा संसर्ग झाला. तो रोग आयुष्यभर त्याचे डोळे कुरतडत राहिला आणि म्हातारपणी तो आंधळा झाला. निकाल ठरवता येत असेल, पण गादीवरची घाण ठरवता येत नव्हती. दुसरी गोष्ट 12 डिसेंबर 1976 ची, कराचीच्या नॅशनल स्टेडियममधली. गामाचा पुतण्या अक्रम आणि जपानचा अंतोनियो इनोकी यांच्यातील कुस्ती भलत्याच वळणावर, खऱ्याखुऱ्या झटापटीवर गेली आणि इनोकीने दुहेरी मनगटी पकडीत अक्रमचा हात निकामी केला. इनोकीचा वस्ताद कार्ल गॉच. तो इंग्लंडातील विगनच्या बिली रायलीच्या तालमीत तयार झाला होता आणि आपल्या शिष्यांकडून आपल्याकडच्या बैठका आणि जोर शेकड्यांनी मारून घेत असे. गामाच्या घरातला हात मोडला तो गामाच्याच मेहनतीवर पोसलेल्या माणसाने, ही बाब मला त्या दगडापेक्षा कितीतरी विलक्षण वाटते.

पुढच्या अंकात या चौकटीची दुरुस्ती छापण्यास जागा असेल, तर दगडाच्या नोंदीपुढे ‘असे सांगतात’ हे दोन शब्द घालावेत आणि पाच हजार कुस्त्यांच्या जागी लंडनची अडीच तासांची ती एकच कुस्ती तारखेसह द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, बडोदे