हात थरथरण्याआधीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

11 एप्रिल हा जागतिक पार्किन्सन्स दिन. त्या सुमारास कंपवातावर लेख येतात आणि सोबत चित्र बहुतेक वेळा थरथरत्या हाताचं असतं. तेच चित्र डोक्यात धरून आम्ही सात वर्षं चुकलो, म्हणून हे पत्र.

आंबेमोहोर शिजायला लागला की बाबा ओसरीवरूनच "पानं घ्या" म्हणत आत यायचे. ते कधी येईनासे झाले, आम्हाला कळलंही नाही. एकदा दूध उतू जाऊन पातेलं करपलं, घरभर धूर झाला आणि बाबा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले. "लक्षच नसतं यांचं," आई चिडली. त्यांना वास येत नव्हता. त्यावर सायनसचे उपचार झाले. रोजचं इसबगोल वयामुळे, गप्प गप्प राहणं निवृत्तीमुळे, अशी कारणं आम्हीच लावली. रात्री मात्र झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे. सकाळी सांगायचे, कुत्रं अंगावर आलं होतं. आईच्या दंडावर काळानिळा डाग उठला, तेव्हा ती मुकाट्याने दुसऱ्या खोलीत झोपू लागली. संकोचाने कुणाला बोलली नाही.

चालताना उजवा हात हलेनासा झाला, तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आईला पहिल्यांदा हेच विचारलं, "झोपेत हातपाय मारतात का?" तिला तिथेच रडू फुटलं.

स्वप्न पडत असताना आपले स्नायू सैल पडलेले असतात. मेंदूच्या खोडातली ही व्यवस्था बिघडली की माणूस स्वप्नातली मारामारी खरोखर करतो. 1986 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या विकाराचं वर्णन केलं. पुढे अशा रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा बहुसंख्यांना कंपवात किंवा त्याच्याच कुळातला आजार झालेला दिसला. जर्मन शास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी 2003 मध्ये मांडलं की कंपवातातला बिघाड वासाच्या केंद्रात आणि पोटाकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाशी सुरू होतो, हालचालींच्या केंद्रात तो नंतर पोचतो. बाबांचं नाक आणि पोट आधी का बिघडलं, हे मला तेव्हा उमगलं.

घाबरवण्याचा हेतू नाही. वास कोविडनेही जातो, बद्धकोष्ठ तर घरोघरी आहे. पण यातल्या दोन-तीन गोष्टी एकाच माणसात दिसत असतील, त्यातही झोपेतली झटापट असेल, तर त्या एकाच डॉक्टरांना एकत्र सांगा. स्वप्न आठवलं तरी झोपेत हातपाय मारल्याचं रुग्णाला स्वतःला बहुतेकदा कळत नाही, कधी वास गेल्याचंही कळत नाही. ते घरच्यांनीच सांगायला हवं.

"आजार थांबवणारं औषध नाही, मग लवकर कळून काय करायचं?" असं एका नातेवाइकांनी विचारलं. असं औषध नाही, हे खरं. पण व्यायाम आधी सुरू झाला असता. पलंगाशेजारचं काचेचं टेबल आम्ही वेळेत हलवलं असतं. स्वयंपाकघरात त्यांना एकटं सोडलं नसतं. आणि आईने सात वर्षं त्यांच्यावर राग धरला नसता.

आपल्या आरोग्य पुरवणीत पुढच्या एप्रिलमध्ये थरथरत्या हाताच्या चित्राशेजारी वास, झोप, पोट आणि मन यांवर एक ठळक चौकट छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सांगली