नोटीस पाठवण्याआधी वेळापत्रक मागवा

मा. शालेय शिक्षण व साक्षरता मंत्री,
कर्नाटक सरकार यांस,

स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की आमच्या बेळगाव आणि चिक्कोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांत पुढचे सगळे ठरलेले असते. राज्यात आपला नंबर कितवा आणि गेल्या वर्षीपेक्षा किती घसरलो, यावर दोन दिवस चर्चा होते. मग बैठक लागते. डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक) बीईओंना, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना, झापतात, बीईओ मुख्याध्यापकांना, आणि मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये येऊन गणिताच्या नाहीतर इंग्रजीच्या सरांकडे नुसते बघतात. वाईट निकालाच्या शाळेला कारणे दाखवा नोटीस जाते. शाळा उत्तर देते की मुले अनियमित आहेत, पालकांचे लक्ष नाही. फाइल मिटते. पुढच्या वर्षी तीच नोटीस आणि तेच उत्तर, फक्त तारीख बदललेली.

मी सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलांत गणित शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे हा गृहस्थ मास्तरांची वकिली करणार असे आपल्याला वाटेल. थोडी करणारही आहे, पण सगळी नाही.

आधी आकडे. राज्याचा दहावीचा निकाल २०२३ मध्ये ८३.८९ टक्के होता. २०२४ मध्ये तो ७३.४० वर आला, तोही २० टक्क्यांपर्यंतच्या ग्रेस गुणांचा टेकू लावून. २०२५ मध्ये टेकू काढला आणि पहिल्या परीक्षेचा निकाल ६२.३४ झाला; तीन लाखांहून जास्त मुले नापास. दोन वर्षांत पोरांची अक्कल एकवीस टक्क्यांनी आटली असे कोणी म्हणणार नाही. २०२४ पासून परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे लागले, वेबकास्टिंग सुरू झाले आणि कॉपीला चाप बसला, एवढेच झाले. आपल्या खात्याने केलेले हे काम चांगले आहे, ते मागे घेऊ नका. पण मग ज्या वर्षांत निकाल चढा होता, तेव्हा ‘याला जबाबदार कोण’ असे कोणीच का विचारले नाही? तेव्हा तर बैठकीत पेढे वाटले जात होते.

दुसरे. २०२५ मध्ये एकाच वेळापत्रकाने झालेल्या परीक्षेत दक्षिण कन्नडचा, म्हणजे मंगळूरच्या जिल्ह्याचा, निकाल ९१ टक्क्यांच्या घरात लागला आणि कलबुर्गीचा ४२ च्या. कलबुर्गीचे मास्तर मंगळूरच्या मास्तरांपेक्षा दुप्पट आळशी आहेत काय? जिल्हेच्या जिल्हे मागे पडतात तेव्हा दोष माणसांच्या स्वभावात शोधून हाती काही लागत नाही.

वर्गाचेही तसेच आहे. चाळीस मुलांच्या वर्गात चार नापास झाली, तर त्या चौघांच्या घरी जावे, कुणाचे काय बिनसले ते बघावे. पण त्याच वर्गात तीस जण एकाच विषयात गेले, तर मुलांची चौकशी करण्यात वेळ घालवू नये. त्या विषयाचे वर्षभराचे वेळापत्रक मागवावे. तो विषय कोणी शिकवला, कोणत्या महिन्यापासून, आणि मधे तास किती दिवस रिकामे गेले?

साहेब, हे वेळापत्रक कोणी मागवत नाही. मागवले तर खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एखाद्या शाळेचे असे दिसेल. शाळा जूनच्या आसपास उघडते. गणिताची जागा रिकामी असते, कारण आधीचे सर बदलीने गेलेले. अतिथी शिक्षक नेमायची परवानगी वरून येईपर्यंत पावसाने कणकुंबी-जांबोटीचा भाग झोडपायला घेतलेला असतो, ओढे भरून वाहतात आणि शाळेला सुट्टीवर सुट्टी मिळते. अतिथी शिक्षक आला तरी बऱ्याचदा तो दुसऱ्याच विषयाचा असतो, आणि मानधन वेळेवर नसल्याने बेळगावात एखादी खाजगी नोकरी दिसताच निघून जातो. दिवाळीनंतर शेजारच्या शाळेतले सर आठवड्यातून दोन दिवस ‘डेप्युटेशन’वर येतात. मग जानेवारीत ‘पासिंग पॅकेज’ हातात पडते. नेमके कोणते प्रश्न घोकले की पोरगे काठावर पास होईल, याचा तो कागद. मार्चमध्ये परीक्षा होते आणि मेमध्ये नोटीस येते, ती त्या डेप्युटेशनवाल्या सरांच्या नावाने.

जागा भरणे मास्तरांच्या हातात नाही, मुख्याध्यापकांच्या नाही, बीईओंच्याही नाही. ती बेंगळुरूला विधानसौधातल्या टेबलावर भरली जाते. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याच्या नावाने नोटीस निघत नाही, आणि ज्याच्या नावाने निघते त्याच्या हातात अधिकार नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

बस हा विषय आपल्या खात्याचा नाही, तरी सांगतो. २०२३ च्या जूनपासून बायकांना प्रवास मोफत झाला, ते योग्यच झाले. पण त्या मानाने खेडोपाडी गाड्या वाढल्या नाहीत. हातात पास घेतलेली पोरे थांब्यावर उभी राहतात आणि गाडी न थांबता पुढे जाते. पहिला तास बुडतो, आणि आमच्याकडे पहिला तास बहुधा गणिताचाच असतो. अथणी-चिक्कोडीकडे ऊसतोडीचा हंगाम नेमका अभ्यासाच्या महिन्यांत पडतो, तेव्हा थोरला पोरगा फडात आणि धाकटी घर सांभाळायला. पालकांवर ओरडणाऱ्यांनी एकदा तिकडच्या कारखान्याच्या वाटेवर उसाच्या गाड्यांवर कोण बसलेले असते ते बघावे.

आता मास्तरांकडे वळतो. नववीपर्यंत सगळ्यांना वर ढकलायचे आणि दहावीत एकदम जागे व्हायचे, ही सवय आमची आहे. शंभरपैकी वीस गुण अंतर्गत म्हणून शाळेच्या हातात असतात; वहीसुद्धा पुरी नसलेल्या मुलाला त्यात अठरा-एकोणीस देणारेही आम्हीच. आठवीत आलेल्या मुलाला भागाकार येत नाही हे पहिल्या आठवड्यात कळते. तरी आम्ही फळ्यावर ‘बहुपदी’ लिहून मोकळे होतो, कारण पोर्शन संपवायचा असतो. आणि काही नामांकित शाळा तर त्याहून हुशार. कच्चे मूल नववीतच हेरायचे, पालकांना बोलावून दाखला हातात ठेवायचा आणि गेटवर ‘१०० टक्के निकाल’चा फलक लावायचा. ते मूल मग ज्या शाळेत येऊन नापास होते, नोटीस तिला जाते. या फलकवाल्यांची नववीची पटसंख्या आणि दहावीची पटसंख्या शेजारी ठेवून बघा, बरीच गंमत कळेल.

मराठी शाळांवरचे ओझे वेगळे आहे. मुलाला मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजीतही पास व्हायचे असते. कन्नड शिकायला आमची ना नाही. इथे जगायचे तर ती यायलाच हवी. पण मराठी घरातल्या मुलाला कन्नड शिकवायचे तंत्र वेगळे असते, त्याचे प्रशिक्षण शिक्षकाला कोणी देत नाही. गणित-विज्ञानाच्या प्रशिक्षणाचे साहित्यही बहुतेक कन्नडमध्येच येते, आणि मराठी माध्यमाचे सर रात्री बसून आपल्यापुरते उतरवून काढतात.

२०२५-२६ पासून आपण पासची रेषा ३५ वरून ३३ वर आणलीत. ६२५ पैकी २०६ आले की झाले. निकाल वाढेल, बैठकही थोडी सुसह्य होईल. वर्गात काही फरक पडणार नाही. वर्षात एकाहून जास्त परीक्षा ठेवल्या, हे मात्र मला पटते. एका नापासाने मुलाचे वर्ष जाऊ नये. पण पहिल्या आणि दुसऱ्या परीक्षेच्या मधे त्याला शिकवणार कोण? ज्या विषयाला वर्षभर सर नव्हते, त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठून येणार? तोवर पोरगा गोव्याला हॉटेलात नाहीतर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत लागलेला असतो. मुलीची बोलणी सुरू झालेली असतात. दुसऱ्या परीक्षेचे हॉलतिकीट शाळेतच पडून राहते.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेच्या निकालाबरोबर विषयवार तक्ता जाहीर करा. मंजूर जागा भरलेली होती का, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणी शिकवले, आठवीत किती मुले होती आणि त्यांतली दहावीला किती बसली. नाव-गाव नको, तारखा हव्यात. सर वर्षभर जाग्यावर होते आणि तरी अर्धा वर्ग नापास झाला, तर खुशाल त्यांना नोटीस द्या, मी मधे पडणार नाही. जागा रिकामी होती, तर नोटीस त्या टेबलावर जाऊ दे, जिथे फाइल अडली.

दुसरे म्हणजे आठवीचे पहिले दोन महिने पोर्शन बाजूला ठेवून नुसते वाचन आणि आकडेमोड घेण्याची शाळांना लेखी मुभा द्या. लेखी म्हणतो, कारण तोंडी मुभा घेतलेला मुख्याध्यापक पुढच्या तपासणीत एकटा पडतो.

हिवाळी अधिवेशनाला आपण बेळगावच्या सुवर्णविधानसौधात येताच. तिथून खानापूर तासाभराच्या आत आहे. येण्याआधी कळवू नका. कळवलेत तर त्या दिवशी सगळ्या विषयांना सर हजर असतील.

आपला,
सीमाभागातील एक निवृत्त गणित शिक्षक