मानधनाचा आकडा आधी, मजकूर नंतर

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळी अंकांसाठी मजकूर मागवण्याचे दिवस आले की मुंबईतल्या लेखक-चित्रकारांचे फोन वाजू लागतात. कथा कधी देणार, मुखपृष्ठ कधी मिळेल, शब्दमर्यादा किती, हे पहिल्याच फोनवर ठरते. मानधन किती आणि कोणत्या महिन्यात, हा विषय मात्र दोन्हीकडून कोणी काढत नाही. विचारले तर हावरट दिसू, ही लिहिणाऱ्याची भीती, आणि 'नंतर बघू' म्हणण्यात मागणाऱ्याची सोय. कलेवर घर चालवायचे असेल तर व्यवसायाचे नियोजन याच फोनपासून सुरू झाले पाहिजे.

दिवाळी अंकाच्या पैशांचा प्रवास पाहा. काम जूनमध्ये घेतले, ऑगस्टमध्ये दिले, अंक ऑक्टोबरमध्ये आला. अंकाचा खर्च निघतो जाहिरातींवर आणि जाहिरातदारांची बिले वसूल व्हायला दिवाळीनंतरही काही महिने लागतात. मानधन फेब्रुवारीत मिळाले तर मध्ये आठ महिन्यांचे घरभाडे आणि वीजबिल भरून झालेले असते. मालिकालेखनातही पैसे एपिसोड लिहून दिल्यावर नव्हे, तो प्रसारित झाल्यावर आणि अनेकदा त्यानंतर ९० दिवसांनी देण्याची पद्धत रुळलेली आहे. लिहिलेला एपिसोड दाखवलाच गेला नाही, तर हिशेब कोठून धरायचा हे करारात असेल तरच भांडता येते. म्हणून वर्षाचा तक्ता करताना कामाचा महिना लिहू नये, पैसे खात्यात पडण्याचा महिना लिहावा. बारा रकान्यांत दोन-तीन सलग रिकामे दिसले की तेवढ्या महिन्यांचा खर्च आधीच बाजूला लागतो. सहा महिन्यांचा घरखर्च शिलकीत नसताना नोकरी सोडणे घाईचे ठरते. चित्रकलेच्या तासिका, भाषांतरे, जाहिरातींचा मजकूर या कामांना काही जण कमी लेखतात, ते चूक आहे. कादंबरीला दोन वर्षे देता येतात ती याच पैशांवर.

दर ठरवताना बहुतेक जण 'बाजारात काय चालते' एवढेच विचारतात. आधी स्वतःची गरज मांडावी. समजा घरखर्च महिना ३५,००० रुपये, कामाचा खर्च (रंग, कागद, सॉफ्टवेअर, इंटरनेट, लोकलचा पास) ८,००० आणि विमा-बचत ५,०००. महिन्याचे ४८,०००, वर्षाचे ५,७६,०००. आजारपण आणि बुडीत बिलांसाठी दहा टक्के धरले की ६,३३,६०० होतात. आता दिवस मोजा. चूक होते ती इथे. रविवार आणि सण वगळून उरलेल्या दिवसांतले निम्मे नवे काम शोधणे, भेटीगाठी, दुरुस्त्या, वसुलीचे फोन आणि स्वतःचे लेखन यांत जातात. बिल लावता येतील असे दिवस जेमतेम १५०. म्हणजे एका दिवसाचे सुमारे ४,२२५ रुपये. मुखपृष्ठाला कच्चे आराखडे आणि दोन दुरुस्त्या धरून तीन दिवस लागत असतील, तर ते १२,६७५ रुपयांचे काम आहे. कोणी ५,००० देऊ केले तर घ्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय, पण तूट किती आणि ती कोणत्या कामातून भरायची हे घेतानाच कळलेले असावे.

दुरुस्त्यांचा उल्लेख मुद्दाम केला. 'जरा निळा गडद करा' इथून सुरू झालेले काम पाचव्या फेरीला नव्या चित्रावर जाऊन थांबते. दोन फेऱ्या फीमध्ये, तिसरीपासून वेगळे पैसे, निम्मी रक्कम आगाऊ आणि काम मध्येच रद्द झाले तर आगाऊ रक्कम परत नाही, या चार ओळी ईमेलने पाठवून 'मान्य आहे' असे उत्तर मिळाल्यावरच पेन्सिल उचलावी.

हक्कांच्या बाबतीत चित्रकारांनी अधिक सावध राहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्र काढले, तर वेगळा करार नसल्यास त्या चित्राचा पहिला कॉपीराइट ते काढायला सांगणाऱ्याचा असतो. मुखपृष्ठाचे चित्र उद्या कॅलेंडरवर छापले गेले तर हातात काही राहत नाही. 'हक्क चित्रकाराकडे, वापर फक्त या अंकापुरता' हे एक वाक्य बिलावर नको, कामाआधीच्या पत्रात हवे. नोकरीत नसलेल्या लेखकाच्या मजकुराचा हक्क मुळात लेखकाचाच. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. त्यामुळे छापील फॉर्ममधल्या 'सर्व माध्यमे, कायमस्वरूपी, जगभर' या शब्दांवर न बोलता सही करू नये. ऑडिओबुक, अनुवाद आणि वेब मालिका हे हक्क वेगळे काढून ठेवावेत. पुस्तकाच्या करारात रॉयल्टी छापील किमतीवर की विक्रेत्याची सूट वजा करून, हे पाहावे. ३०० रुपयांच्या पुस्तकाच्या १,००० प्रतींवर दहा टक्क्यांनी ३०,००० रुपये होतात. ४० टक्के सूट वजा करून मोजले तर १८,०००.

वसुलीसाठी एक कायदेशीर आधार आहे, पण कलाकार तो फारसा वापरत नाहीत. स्वतःच्या कामाची सूक्ष्म उद्योग म्हणून करायची 'उद्यम' ही सरकारी नोंदणी आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर मोफत होते. तिचे पैसे मागणारी संकेतस्थळे खासगी दलालांची असतात. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी मुदत असेल तर तिच्यात, पण काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात. लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या 'बँक रेट' या व्याजदराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते आणि सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या परिषदेकडे ऑनलाइन दाद मागता येते. नोंदणी काम घेण्याआधी झालेली बरी, मागाहून केलेल्या नोंदणीवर वाद होतात. बिलावर क्रमांक, तारीख, पॅन, उद्यम क्रमांक, खाते क्रमांक आणि देय तारीख असावी.

कराचे थोडक्यात. फीमधून सहसा दहा टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापला जातो, पॅन दिला नाही तर वीस. कापलेली रक्कम आपल्या पॅनवर जमा दिसते का ते दर तीन महिन्यांनी प्राप्तिकराच्या पोर्टलवर पाहावे. कापणाऱ्याने भरलीच नसेल तर लवकर विचारलेले बरे. नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर त्यावर कर नाही, त्यामुळे बहुतेकांना हा टीडीएस परत मिळतो, पण विवरणपत्र भरले तरच. सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही.

प्रदर्शनाचे गणितही आधीच मांडावे. जहांगीर आर्ट गॅलरीत तारीख मिळायला वर्षे जातात, तेवढ्यात पैसे साठवता येतात. समजा भाडे, टेम्पो, कॅटलॉग आणि उद्घाटन मिळून १,८०,००० रुपये, चित्राची सरासरी किंमत ३०,००० आणि कॅनव्हास-फ्रेमचे ४,०००. तर सातवे चित्र विकले गेल्यावर कुठे खर्च निघतो. खासगी दालनात कमिशन जाते, तिथे हा आकडा पुन्हा काढावा लागेल.

आपल्या वृत्तपत्राच्या पुरवण्या आणि दिवाळी अंकासाठीही मजकूर मागवला जातो. यंदाच्या आवाहनात शब्दमर्यादेच्या खालीच मानधनाचा आकडा, ते देण्याची तारीख आणि छापण्यापलीकडचे हक्क कोणाकडे राहतील, हे तीन तपशील छापावेत, अशी विनंती आहे. आपण सुरुवात केली तर इतर संपादकांना विचारणे लेखकांना सोपे जाईल.

आपला,
एक करसल्लागार, गिरगाव, मुंबई