साक्ष दिलीस का?

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी फोन मध्येच बंद पडला तो रेंज गेली म्हणून नव्हे. मीच ठेवला. बाबा, तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, "या आठवड्यात कुणाला साक्ष दिलीस का?" म्हणजे कुणाला येशूविषयी सांगितलंस का, आणि मला हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. हो म्हटलं असतं तर तुम्ही पुढचं विचारलं असतं: कोण माणूस, काय सांगितलंस, येशूविषयीची छापील पत्रिका दिलीस का, चर्चला, मंडळीत यायला तयार आहे का. यातल्या एकाही प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. फोनवर मी गडबडते, म्हणून लिहितेय. आई, तू बाबांना वाचून दाखव, त्यांचा चष्मा अजून बदललेला नाही हे मला माहीत आहे.

आधी एक जुनी गोष्ट कबूल करते. लहानपणी आपण तारकपूरच्या स्टँडवरून राहुरीला जायचो तेव्हा मी मुद्दाम खिडकीची जागा धरायचे. हवेसाठी नाही, तोंड लपवायला. एसटीने नगर सोडलं की बाबांचं शेजारच्या माणसाशी सुरू व्हायचं: कुठं निघालात, गाव कोणतं, यंदा पाऊस कसा. विळद घाट येईपर्यंत शबनम पिशवीतून पत्रिका बाहेर आलेली असायची. काही जण आदरानं घ्यायचे, काही जण घडी करून वरच्या खिशात ठेवायचे, एकदा एका बाईंनी त्यात शेंगदाणे बांधून घेतले होते. बाबा त्यावरही हसले होते. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वर्गातलं कुणी गाडीत नसू दे, एवढीच माझी प्रार्थना.

आणि इस्पितळात नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी मी तेच केलं, तेही तुमच्यापेक्षा वाईट. माझ्या पाळीतल्या एका सिस्टरची आई गेली होती. दहाव्या-बाराव्या दिवशी ती कामावर आली. कपडे बदलायच्या खोलीत मी तिच्या हातात एक पत्रिका दिली आणि म्हणाले, "देवाची काहीतरी योजना असेल." तिनं माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. संध्याकाळी ती पत्रिका मला तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात दिसली. बाबा, मला राग आला नाही. कारण त्या दिवसांत माझं पवित्र शास्त्र, माझं बायबल, कित्येक आठवडे उशाशी नुसतं पडून होतं. मी तिला साक्ष दिली ती रविवारच्या फोनवर तुम्हाला सांगता यावी म्हणून. तिच्या आईचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. आई म्हणते ना, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तसंच झालं. कोरडा पोहरा जोरात आपटला एवढंच.

आता माझं काम काय असतं ते तुम्हाला नीट सांगितलेलंच नाही, कारण तुम्ही "किडनीच्या मशीनवर" एवढ्यावर समाधान मानता. डायलिसिसचा माणूस आठवड्यातून दोनदा, बऱ्याचदा तीनदा येतो आणि चार चार तास एका जागी पडून राहतो. हातात दोन सुया, एका नळीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. आल्यावर वजन करायचं, कारण दोन खेपांच्या मध्ये अंगात जे पाणी साठतं ते आम्हाला काढायचं असतं. म्हणून त्यांचं पाणी मोजलेलं. कुणाला दिवसाला लिटरभर, कुणाला त्याहूनही कमी, आणि त्यातच चहा, ताक, आमटीचं पाणी, सगळं आलं. लोकांना वाटतं सुयांचा त्रास मोठा. आमच्या पेशंटना विचारा. ते म्हणतील, तहान. मे महिन्यात बर्फाचा एक खडा जिभेवर धरून अर्धा तास काढणारी माणसं आहेत ही. चूळ भरायची आणि टाकून द्यायची. भरल्या ग्लासाकडे ती ज्या नजरेनं बघतात, ते बघवत नाही.

अशा माणसापुढे उभं राहून धर्माचं बोलायचं का? तो उठून जाऊ शकत नाही, बाबा. एसटीतला माणूस निदान पुढच्या थांब्यावर उतरू शकत होता. शिवाय माझ्या अंगात गणवेश, त्याची सुई माझ्या हातात. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला: आपण होऊन विषय काढायचा नाही. विचारलं तर लपवायचं नाही. हे मी मोठ्या सिस्टरनाही सांगून ठेवलंय. तुम्हाला हा भित्रेपणा वाटेल. मलाही काही दिवस तसं वाटलं.

दरम्यान पहाटेचं मात्र बदललं. फार मोठं काही नाही. साडेसहाची पाळी, म्हणून पाचला उठते. बायबलमधलं एक स्तोत्र, शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, एक उतारा, आणि एखादा शब्द अडकेपर्यंत तिथंच बसून राहायचं. पूर्वी मी अध्याय संपवायचे, आता शब्द शोधते. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूनं तो लिहून ठेवते. काही दिवस काहीच अडकत नाही, डुलकी लागते, आणि "प्रभू, आज एवढंच" म्हणून उठते. पण एखाद्या दिवशी शब्द दिवसभर पाठ सोडत नाही.

श्रावणात एका सकाळी बेचाळिसावं स्तोत्र होतं. हरिणी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते, तसा माझा जीव तुझ्यासाठी. लुलपते! इतक्या वेळा म्हटलंय, पण त्या शब्दाकडे कधी थांबून पाहिलंच नव्हतं. कामावर गेले आणि पाहते तर पलंगापलंगावर लुलपणारी माणसं. मी गप्प झाले. तीन नंबरच्या पलंगावर शिरूरकडचे एक आजोबा असतात, गळ्यात तुळशीची माळ, पूर्वी वारी करायचे. त्यांनी विचारलं, "सिस्टर, आज बोलत का नाही? घरी बरंय ना?" मी म्हटलं, "सकाळी एक शब्द वाचलाय, तो डोक्यातून जाईना." कोणता म्हणाले. सांगितला. कुठं वाचला म्हणाले. तेही सांगितलं.

आजोबा खुलले. म्हणाले, "आमच्या तुकोबांची मासोळी अशीच की. पाण्यावेगळी झाली की तळमळते." आणि सुया टोचलेला हात तसाच सरळ ठेवून, डोळे मिटून त्यांनी तो अभंग म्हटला. सासरी निघालेली मुलगी वळून बघते, त्या ओळीशी त्यांचा आवाज कापला. अर्ध्या तासाने मी त्यांचं बीपी घ्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, "एक विचारू का? तुमच्या येशूला कधी तहान लागली होती का?"

बाबा, आयुष्यभर प्रश्नांची तयारी केली आपण. त्रैक्य, म्हणजे एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, कसं समजावायचं, मूर्तिपूजेवर काय बोलायचं. या प्रश्नाची तयारी कुणीच करून घेतली नव्हती. मी म्हटलं, दोनदा लिहिलंय. एकदा भर दुपारी, शोमरोन प्रांतातल्या विहिरीवर, आणि एकदा वधस्तंभावर. आजोबा म्हणाले, "देव असून?" मी म्हटलं, हो. ते बराच वेळ वरच्या पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग त्याला कळत असंल."

विहिरीची गोष्ट त्यांना हवी होती, यहुदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत त्या शोमरोनी लोकांतल्या एका बाईकडे येशू पाणी मागतो ती. ती मी तीन खेपांत सांगितली, दर अर्ध्या तासाच्या बीपीला एक तुकडा. ती बाई म्हणते, महाराज, विहीर खोल आहे आणि तुमच्याकडे पोहरा नाही, तिथं ते हसले. म्हणाले, "बाई हुशार आहे." तिच्या हातचं पाणी तो मागतो याचं त्यांना फार कौतुक वाटलं, कारण त्यांच्या गावात कुणी कुणाच्या हातचं पाणी प्यायचं नाही ते त्यांनी पाहिलेलं. शेवटी ती घागर तिथंच टाकून गावात पळते, त्यावर म्हणाले, "पाणी न्यायलाच विसरली."

तुम्ही विचाराल, मग शेवटचं सांगितलंस का? येशूला स्वीकारायच्या निर्णयाचं? नाही सांगितलं. त्यांनी विचारलं नाही. मी त्यांच्यासाठी रोज पहाटे प्रार्थना करते आणि ते त्यांना माहीत आहे. तेही माझ्यासाठी पांडुरंगाला सांगतात असं म्हणाले. त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही, मी "बरं" म्हटलं.

बाबा, ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांची आगगाडीची गोष्ट तुम्ही संडे स्कूलमध्ये किती वेळा सांगितलीत. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटतो, बायबलचा दुसरा भाग, नवा करार, देतो, टिळक त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचतात आणि पुस्तक खाली ठेववत नाही, मग १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. तुमचा भर नेहमी नव्या करारावर. पण त्या दोघांचं बोलणं सुरू झालं ते संस्कृत काव्यावरून! त्या माणसाला समोरच्याच्या आवडीचं ठाऊक होतं, तो ऐकत होता. आणि टिळक स्वतः म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो. लक्ष्मीबाईंना तर नवऱ्याच्या वादानं काही पटलं नाही, त्या आपल्या पावलांनी चालत १९०० साली आल्या. एवढा मोठा कवी घरात, त्यालाही पाच वर्षं थांबावं लागलं. मग मी आजोबांना तीन खेपांत कुठं नेणार होते?

आणखी एक. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं तिसऱ्या अध्यायाचं पंधरावं वचन तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेतलंत, उत्तर द्यायला नेहमी सिद्ध असा म्हणून. त्यातले दोन शब्द आपल्या घरात जरा भरभर म्हटले जायचे. एक, "विचारपूस करणाऱ्याला". दुसरा, "सौम्यतेने". इथं हडपसरला घरमालकीणबाईंनी पहिल्याच महिन्यात मला तोंडावर विचारलं, "तुम्ही लोक माणसं बाटवता ना?" हल्ली ख्रिस्ती म्हटलं की लोकांना आधी तेच आठवतं, त्यांचा तरी काय दोष. मी म्हटलं, काकू, आमची पाचवी पिढी, मला तर कुणी विचारलंच नाही. त्या हसल्या. आता महिन्याच्या महिन्याला भाडं द्यायला गेले की चहा होतो आणि त्याच मला विचारतात, आज काय वाचलंस.

हे मी शिकले ते आईकडून, असं लिहिणार होते. आई, तू कधी कुणाला पत्रिका दिली नाहीस. भाकऱ्या थापताना 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली गाणी म्हणायचीस आणि भिंतीपलीकडच्या काकू विचारायच्या, कालचं ते दुसरं कडवं म्हणा ना. त्यांचे यजमान आजारी पडले तेव्हा तू पिठलं-भात घेऊन गेलीस आणि तीन तास तिथं बसलीस, काहीही न बोलता. कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत तू प्रार्थनेसाठी नावं लिहितेस, पुढं तारखा, हे मी मागच्या खेपेला पाहिलं. त्या काकूंचं नाव होतं. तिथल्या भाजीवाल्याचंही.

पण बाबा, हे लिहिता लिहिता दुसरंच आठवलं. हिवाळ्यात पहाटे मला पाणी प्यायला जाग यायची. मधल्या खोलीच्या पडद्याखालून तुमचे पाय दिसायचे. गुडघ्याखाली गोणपाटाची घडी, तळवे वर. कधी कधी मी परत येऊन झोपायचे आणि पुन्हा जाग यायची तरी पाय तिथंच. एसटीत मला फक्त शबनम पिशवी दिसली. ती पत्रिका पहाटे चारला कुठून निघालेली असायची ते मी पाहिलं होतं आणि जोडून बघितलं नव्हतं. शेंगदाणे बांधणाऱ्या बाईवर तुम्हाला हसता आलं, मला का आलं नाही, ते आता कळतं.

म्हणून रविवारी विचारत जा, बंद करू नका. फक्त "कुणाला सांगितलंस" याच्याआधी "काय वाचलंस" विचारा, मग बाकीचं मी आपोआप सांगेन. आणि मीही तुम्हाला तेच विचारणार.

आई सांगत होती, डॉक्टरांनी गुडघ्यांवर बसायला साफ मना केलंय आणि तुम्ही तिचा डोळा चुकवून बसता. कृपा करून खुर्चीत बसा. गोणपाट मी आले की बघते.

मला नाताळची सुट्टी २३ पासून मिळतेय, २७ ला परत. आई, करंज्या जास्त कर, युनिटमध्ये सगळ्यांना न्यायच्या आहेत. आजोबांना मी नाताळचं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न करंजीचाच विचारला. त्यांच्यासाठी एक वेगळी ठेव, लहान, खोबरं आणि सुका मेवा अगदी नावाला. त्यातल्या पोटॅशियमचं डॉक्टरांना विचारून मी बघते. पाण्याशिवाय ती घशाखाली कशी उतरवायची ते त्यांचं ते बघतील.

तुमची लेक