ठसका वेगळा, दमा वेगळा

नागपूर

चि. गौरव यास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत घरी होतास तेव्हा खोकला नव्हता, पुण्याला गेल्यावर पुन्हा सुरू झाला, म्हणून तिथली हवा मानवत नाही, असं तू आईला सांगितलंस. मला नाही पटलं. सुट्टीत बरं अन् कामावर गेलं की बिघडतं, तर संशय आधी कामावर घ्यायचा. तू मसाल्याच्या मिक्सिंगला उभा असतोस, बावा!

आपल्या कांडपावर भिवापुरी मिरची पडली की दारातलं गिऱ्हाईकही शिंकतं. तो ठसका. मिरचीतलं कॅप्सेसिन सगळ्यांनाच झोंबतं, बाहेर मोकळ्या हवेत गेलं की निवतं. ॲलर्जीचं तसं नाही. ती सगळ्यांना होत नाही, अन् पहिल्या दिवशी तर नाहीच. लसूण पावडर, धने, मेथी यांची धूळ कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं श्वासात जाते, अन् मग शरीर तिच्यावर उलटतं. त्यानंतर थोडीशी धूळही पुरते. बहुतेकदा आधी नाक गळतं, डोळे खाजतात, मग छातीत शिट्टी वाजायला लागते, तोच दमा. दम कधी शिफ्ट संपल्यावर काही तासांनी, रात्री लागतो, म्हणून कामाकडे बोट जातच नाही. तुझा सुपरवायझर म्हणतो ना, 'सवय होईल'? ठसक्याची एकवेळ होईलही. याची होत नाही, उलट वाढतं.

छातीच्या डॉक्टरला दाखव. नुसतं 'मसाल्यात काम करतो' म्हणू नको, गोण्यांवरची नावं लिहून ने. पीक फ्लो मीटर म्हणून फुंकायची साधी नळी मिळते, श्वास किती जोरात बाहेर पडतो ते ती दाखवते. दिवसातून चारदा फुंकून आकडा वहीत लिहायचा, कामाच्या दिवशीही अन् सुट्टीलाही, निदान दोन-तीन आठवडे. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले की डॉक्टरला बरंच कळतं. म्हणून तपासण्या होण्याआधी घाईत राजीनामा देऊ नको. पण बोलतानाही धाप लागली तर वही-बिही राहू दे, सरळ दवाखाना गाठ.

तोवर कोरडा झाडू अन् हवेची गन बंद. सांडलेलं ओल्या फडक्यानं पुसा. पॅकिंगला बदली मागून पाहा, पण तिथंही पावडर उघडीच भरत असतील तर काही उपयोग नाही. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही, एन-९५ मास्क लाव. अन् तो दाढीवर नीट बसत नाही, कडेनं हवा शिरते, तेव्हा ती दाढी काढ. आईला तशीही आवडत नाही.

तुझे बाबा