हिरवा रंग ठरवायचा तर घरच्या भिंतीवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीच्या आधी लालबाग-परळच्या चाळींत रंगकामाची घाई असते. मी याच भागात पेंटरचं काम करतो. घराघरांत सर्वाधिक वाद होतो तो हिरव्यावरून. एकाला पिस्ता हवा असतो, दुसऱ्याला शेवाळीकडे झुकणारा. निवाडा मात्र शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावर, नाहीतर मोबाइलवरच्या फोटोवर होतो. मला हे पटत नाही.

दुकानातली ट्यूब वेगळी, घरातला दिवा वेगळा. पिवळसर दिव्याखाली शेवाळी मातकट होतो, पांढऱ्याफेक एलईडीखाली पिस्ता निळसर आणि थंड वाटतो. शिवाय चाळीची खोली दहा बाय बाराची. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर हिरवा उजेड टाकतात, त्यामुळे कार्डावर फिका वाटलेला रंग चारही भिंतींवर चढला की गडद दिसतो. उजेड फक्त गॅलरीकडून येत असेल तर मी पिस्ताच सुचवतो, तोही एक पायरी फिका. शेवाळी कोणाला फारच आवडला असेल, तर तो खिडकीसमोरच्या एकाच भिंतीला द्यावा.

पण माझ्याही शब्दावर जाऊ नका. दोन फुटांच्या पुठ्ठ्याला पांढरा प्रायमर लावा, वर रंगाचे दोन हात द्या आणि कडेने पांढरी पट्टी सोडा. चाळीत जुन्या भिंती बहुधा गुलाबी असतात. गुलाबीला चिकटून हिरवा ठेवला की तो आहे त्याहून भडक भासतो, म्हणून ती पट्टी. रंग पूर्ण वाळू द्या, कारण ओला इमल्शन फिका दिसतो. मग पुठ्ठा खिडकीजवळ, कपाटाच्या कोपऱ्यात, सकाळी आणि दिवे लागल्यावर असा फिरवून बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा. वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळसर होतं, त्यांना निळसर हिरवा वेगळाच दिसतो.

अडचण एवढीच की आमच्याकडच्या दुकानांत नमुन्यासाठी लिटरभर डबाच घ्यावा लागतो. पगारावर घर चालवणारा माणूस दोन शेडचे दोन डबे कशाला घेईल? हवी ती शेड मिसळून देणारं टिंटिंग मशीन दुकानात असतंच. रंग कंपन्यांनी पाव लिटरचे नमुने प्रत्येक दुकानात ठेवावेत, आणि कोणती शेड किती उजेड परत फेकते तो शून्य ते १०० मधला आकडा शेड कार्डावर मराठीत, ठळक छापावा. गणपतीआधी हे झालं तर फार बरं होईल.

आपला,
एक पेंटर, लालबाग, मुंबई